सुताराला दाणे नकोत, वाळके खोड हवे

अंगणात पाण्याचे भांडे ठेवले, ताटलीत मूठभर बाजरी-तांदूळ टाकले की चिमण्या येतात, साळुंक्या येतात आणि शहरात राहत असाल तर सगळ्यांच्या आधी कबुतरे हजर होतात. सुतार मात्र फिरकत नाही. समोरच्या शेवग्यावर तो ठकठक करतो, मोठ्याने ओरडतो आणि ताटलीकडे ढुंकूनही न पाहता निघून जातो. दाणे हे त्याचे खाणेच नव्हे. मुंग्या, वाळवी, सालीखालचे किडे आणि लाकूड पोखरणाऱ्या अळ्या यांवर त्याचे पोट चालते. त्याला बोलवायचे असेल तर हे खाणे जिथे तयार होते ती जागा आपल्या परसात शिल्लक ठेवावी लागते. एखादे वाळके खोड, मुंग्या असलेले एखादे झाड आणि योग्य महिन्यात केलेली छाटणी एवढे जमले तर बाजारातून काहीही आणावे लागत नाही.

आधी खात्री करा: तो सुतारच आहे ना?

महाराष्ट्रात ‘सुतार पक्षी’ म्हणून दाखवले जाणारे बरेच पक्षी सुतार नसतात. सर्वांत जास्त घोटाळा होतो तो हुदहुदाचा. डोक्यावर पंख्यासारखा उघडणारा तुरा, बदामी अंग, पंखांवर काळे-पांढरे पट्टे आणि लांब, बारीक, किंचित वाकलेली चोच. हा पक्षी हिरवळीवर किंवा मोकळ्या जमिनीवर चालत, मातीत चोच खुपसून किडे काढतो. तो खोडावर चढत नाही आणि लाकूडही फोडत नाही.

दुसरा घोटाळा तांबटाचा. ‘टुक… टुक… टुक…’ असा एकसारखा आवाज भर दुपारी येतो तो या पक्ष्याचा. चोच लाकडावर आपटून तो आवाज निघत नाही, गळ्यातून निघतो. तांबट हिरवा, चिमणीपेक्षा थोडा मोठा आणि आखूड शेपटीचा असतो. कपाळ आणि छाती लाल, गळा पिवळा. तो वड, पिंपळ, उंबर यांची फळे खातो. घरट्यासाठी मात्र तोही वाळक्या फांदीत गोल भोक पाडतो, बहुधा आडव्या फांदीच्या खालच्या बाजूला. त्यामुळे भोक दिसले म्हणजे सुतारच असे समजू नये.

खरा सुतार ओळखायचा तो बसण्याच्या पद्धतीवरून. त्याच्या पायाची दोन बोटे पुढे आणि दोन मागे असतात, शेपटीची पिसे ताठ असतात. दोन पाय आणि खोडाला टेकवलेली शेपटी अशा तीन टेकूंवर तो उभ्या खोडाला चिकटून राहतो. तो वर चढतो किंवा मागे मागे सरकत खाली येतो, डोके खाली करून उतरत नाही. खोडावर उलटा उतरणारा छोटा निळसर पक्षी दिसला तर तो शिलिंध्री, सुतार नव्हे. सुताराचे उडणेही वेगळे असते. चार-सहा वेळा पंख मारायचे, मग पंख मिटून थोडे खाली यायचे, पुन्हा पंख मारून वर जायचे, अशी नागमोडी रेघ तो हवेत ओढत जातो.

परसात येणारे चार सुतार

महाराष्ट्रात सुतारांच्या दहापेक्षा जास्त जाती आहेत, पण बहुतेक जंगलात राहतात. घराजवळ दिसण्याची शक्यता असलेले चार नीट ओळखता आले की काम भागते.

सोनपाठी सुतार. गावात, शहरात, माडाच्या बागेत, रस्त्याकडेच्या झाडांवर सगळ्यांत जास्त दिसणारा हाच. लांबी २६ ते २९ सेंटिमीटर, म्हणजे साळुंकीपेक्षा मोठा. पाठ सोनेरी पिवळी, डोक्यावर लाल तुरा, डोळ्यावरून जाणारी काळी पट्टी. नराचा सगळा माथा लाल असतो. मादीचा तुरा लाल, पण कपाळाकडचा भाग काळा आणि त्यावर पांढरे ठिपके. हा जोरात, खिंकाळल्यासारखा ओरडतो. खंड्याच्या ओरडण्याशी या आवाजाची गल्लत होते, म्हणून आवाज आला की आधी खोडांकडे पाहावे. सह्याद्रीच्या जंगलालगत घर असेल तर तिथे याच्यासारखाच दिसणारा, आणखी मोठा सोनेरी सुतारही येतो. दोघांत फरक करायला दोन जागा पाहाव्यात. आपल्या नेहमीच्या सोनपाठीचा गळा पांढऱ्या ठिपक्यांचा काळा असतो आणि पाठीचा शेपटीलगतचा भागही काळा असतो. जंगलातल्या त्या मोठ्या सुताराचा तोच भाग लाल असतो.

मराठा सुतार. लांबी १७ ते १८ सेंटिमीटर, म्हणजे बुलबुलाएवढा. अंग काळपट तपकिरी आणि त्यावर पांढरे ठिपके, कपाळ पिवळट, पोटावर लाल डाग. नराच्या डोक्याची मागची बाजू लाल असते, मादीला तो लाल रंग नसतो. पक्षिशास्त्रज्ञ जॉन लॅथम यांनी १८०१ साली याचे वर्णन केले तेव्हा मराठ्यांच्या मुलुखावरून त्याला ‘महरॅट्टेन्सिस’ हे शास्त्रीय नाव दिले, ते आजही चालू आहे. बाभळी, विरळ झाडे, कोरडे माळ ही त्याची आवडती जागा. देशावर शेताच्या बांधावर घर असेल तर सोनपाठीपेक्षा हाच आधी भेटू शकतो. तो फार गाजावाजा करत नाही. बारीक फांद्यांवर गुपचूप काम करतो, त्यामुळे नजरेतून सुटतो.

तांबूस सुतार. सुमारे २५ सेंटिमीटर. सगळे अंग विटकरी तपकिरी, पंखांवर आणि शेपटीवर काळ्या आडव्या रेघा. नराच्या डोळ्याखाली लाल डाग. कोकण, गोवा आणि घाटमाथ्यावरच्या परसांत याची शक्यता जास्त. याचे मुख्य खाणे मुंग्या. काही काळ्या मुंग्या झाडाच्या फांदीवर चघळलेल्या लाकडाचे, चेंडूसारखे गोल घरटे करतात. हा सुतार त्या घरट्यातच भोक पाडून आपली अंडी घालतो. केळीच्या पानांच्या बुडाशी टोचून रस पितानाही तो दिसतो.

बुटका सुतार. फक्त १३ सेंटिमीटर, चिमणीपेक्षाही लहान. माथा तपकिरी, पाठीवर तपकिरी-पांढरे पट्टे. बारीक फांद्यांवर इतर छोट्या पक्ष्यांच्या घोळक्यासोबत फिरतो. दाट झाडी असलेल्या बागेत त्याची बारीक टकटक ऐकू येते, पण पानांत तो शोधायला दुर्बीण लागते.

तो खातो कसा, हे एकदा नीट पाहा

सकाळी उन्हे अंगणात आली की शेवगा, माड किंवा जुना आंबा डोळ्यासमोर राहील असे बसावे. सोनपाठी बहुधा खोडाच्या खालच्या भागावर येऊन बसतो आणि गोल फिरत वर चढतो. तुमच्याकडे लक्ष गेले की खोडाच्या पलीकडे सरकतो आणि कडेने फक्त डोके बाहेर काढतो. अशा वेळी उठून त्या बाजूला जाऊ नका. तुम्ही हललात की तो पुन्हा उलट बाजूला जाईल आणि शेवटी उडून जाईल.

तो सरसकट भोके पाडत नाही. दोन-तीन हलके ठोके मारतो, थांबतो, बाजूला सरकतो, पुन्हा ठोकतो. लाकूड पोकळ लागले किंवा आत हालचाल जाणवली की मग एका जागी जोराने घाव घालतो. साल उडते, बारीक ढलप्या खाली पडतात. लाकूड उघडे झाले की लांब, चिकट जीभ आत जाते आणि अळी बाहेर येते. ही जीभ एवढी लांब असते की तिला आधार देणारी हाडे कवटीच्या मागून वळसा घालून वर गेलेली असतात. मुंग्यांची रांग दिसली तर फोडाफोडीची गरजच पडत नाही. जिभेने मुंग्या टिपत तो तिथेच रेंगाळतो. मुंग्यांसाठी तो जमिनीवरही उतरतो.

त्याने सोडलेल्या जागेकडे नंतर जाऊन पाहा. सालीत कुरतडलेल्या वेड्यावाकड्या खुणा असतील तर ते जेवण झाले. स्वच्छ, गोल, आत खोल जाणारे भोक आणि झाडाखाली ताज्या ढलप्यांचा सडा असेल तर ते घरटे, आणि मग त्या झाडापासून लांब राहायचे.

वाळके लाकूड कसे राखावे

परसातले झाड वाळले की ते मुळापासून तोडायची आपली सवय असते. पूर्ण झाड न तोडता त्याचे उभे खोड ठेवता येते. वरच्या जड फांद्या माणूस लावून उतरवून घ्याव्यात आणि आठ-दहा फूट उंचीचे खोड साल न काढता उभे ठेवावे. सोनपाठीला घरट्यासाठी मांडीएवढे जाड खोड लागते. मराठा सुताराचे त्याहून बारीक लाकडात भागते. शेवगा, पांगारा, गुलमोहर, शिरीष यांचे लाकूड मऊ असल्याने त्यांत भोके लवकर पाडली जातात.

पण प्रत्येक वाळके झाड राखण्यासारखे नसते, हेही लक्षात घ्या.

- माडाच्या थोटकात सुतार आवडीने घरटे करतो, पण कुजणाऱ्या माडात गेंड्या भुंग्याच्या अळ्या वाढतात आणि पूर्ण वाढलेले भुंगे जिवंत माडांचे कोंब खातात. नारळाची बाग असेल तर मेलेला माड हलवावा आणि सुतारासाठी दुसऱ्या जातीचे खोड ठेवावे.
- भिरूड लागलेली आंब्याची फांदीही बागेत ठेवू नये. ती कापून जाळावी. खोडात ताजे भोक आणि खाली भुसा दिसला तर तारेच्या आकड्याने अळी बाहेर काढावी.
- खोड घरापासून, विजेच्या तारांपासून आणि रस्त्यापासून त्याच्या उंचीपेक्षा जास्त अंतरावर असावे. पावसाळ्यात ते पडले तरी कोणावर पडणार नाही एवढी मोकळी जागा असेल तरच ठेवावे.
- कौलारू घर किंवा लाकडी माळा असेल तर वाळवीचा विचार करून खोड आणखी लांब निवडावे.

खोड नसेल तर ओंडका बांधा

मोठे झाड नाही, जागा कमी आहे, तरी एक सोय करता येते. छाटणीतून निघालेला, मांडीएवढा जाड आणि तीन-चार फूट लांब ओंडका घ्या. साल तशीच राहू द्या. तो जिवंत झाडाच्या खोडाला किंवा पक्क्या खांबाला उभा बांधा. खालचे टोक जमिनीपासून आठ फुटांवर तरी असावे, म्हणजे मांजराच्या उडीच्या टप्प्यात येत नाही. बांधायला तार वापरलीत तर ती वाढत्या खोडात रुतते, म्हणून रुंद पट्टी किंवा काथ्याचा दोर घ्या आणि वर्षातून एकदा तो सैल करून पुन्हा बांधा.

ओंडक्याला रंग, डांबर किंवा वाळवीचे औषध लावू नका. एका पावसाळ्यानंतर त्याची साल सुटू लागते, आत किडे शिरतात, मुंग्या वस्ती करतात. तेव्हाच तो सुताराच्या उपयोगाचा होतो. घाई असेल तर हा मार्ग तुमच्यासाठी नाही.

त्याच्या बरोबरीने औषध फवारणीला आवर घालायला हवा. झाडावर मुंग्या दिसल्या की लगेच बुंध्याला पावडर टाकण्याची गरज नसते. मुंग्या घरात शिरत असतील तर उंबऱ्यापाशी, फटींपाशी उपाय करा. परसाच्या टोकाच्या झाडावर त्यांना राहू द्या. विष खाल्लेले किडे सुतार पिलांना भरवतो, हे फवारणी करण्याआधी आठवावे.

झाडे नव्याने लावणार असाल तर पांगारा, काटेसावर आणि पळस यांचा विचार करा. हिवाळ्याच्या शेवटी त्यांना फुले येतात आणि सोनपाठीसकट अनेक पक्षी त्यातला मध प्यायला येतात. काटेसावर फार मोठी होते, ती कुंपणालगत किंवा शेताच्या बांधावरच लावावी. छोट्या परसात पांगारा आणि शेवगा पुरेत. कोरड्या भागात बांधावरची बाभूळ काढू नका, मराठा सुतारासाठी तेवढी पुरते.

मे महिन्यातली छाटणी थांबवा

एवढ्या सगळ्यात एकच गोष्ट करायची ठरवलीत तर ही करा. सोनपाठीचा विणीचा काळ फेब्रुवारी ते जुलै. साधारण तीन अंडी, सुमारे अकरा दिवस उबवण, आणि पिले घरट्यातून बाहेर पडायला आणखी वीसेक दिवस. आपल्याकडे पावसाळापूर्व छाटणी होते एप्रिल-मेमध्ये. म्हणजे वाळक्या फांद्यांवर करवत चालते ती नेमकी पिले आत असताना.

आपल्या परसातली छाटणी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये उरकून घ्या. तेव्हा पावसाळ्यात कोणती फांदी झुकली, कोणती वाळली हेही स्पष्ट दिसत असते. सोसायटीत राहत असाल तर हा मुद्दा छाटणीचे कंत्राट देण्याआधीच्या सभेत मांडा, कारण मे महिन्यात कामगार झाडावर चढल्यानंतर सांगून उपयोग नसतो. शहरात झाड तोडायला महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. ती प्रक्रिया वेळ घेते, म्हणून अर्ज दिवाळीच्या सुमारास केलेला बरा.

धोकादायक फांदी उन्हाळ्यात तोडणे भागच असेल तर आधी तिच्यात भोक आहे का पाहा. भोक असेल तर सकाळी लांबून अर्धा तास नजर ठेवा. पक्षी आत-बाहेर करत असेल तर घरटे चालू आहे. चालू घरटे मोडणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली गुन्हा ठरू शकतो. अशा वेळी वनविभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर बोलूनच पुढे जावे. बहुतेक वेळा महिनाभर थांबले की प्रश्न आपोआप सुटतो.

सुतार गेल्यावर भोक रिकामे राहत नाही. पोपट, साळुंक्या, दयाळ, पिंगळा असे स्वतःला लाकूड कोरता न येणारे पक्षी तिथे बिऱ्हाड करतात. पोपट तर कधी कधी सुतार आत असतानाच भोक बळकावतात. त्या भांडणात आपण पडू नये.

ताटलीत काही ठेवावे का?

पाणी जरूर ठेवा. उथळ, खरबरीत तळाचे मातीचे भांडे घ्या, पाणी रोज बदला. सुतार त्यावर क्वचितच येईल, पण उन्हाळ्यात बाकीच्या पक्ष्यांची सोय होते. पपई किंवा चिकू अर्धा कापून फांदीला अडकवला तर बुलबुल, कोकीळ, तांबट येतील. सोनपाठीही कधी कधी पिकलेली फळे खातो, त्यामुळे तो चोच लावण्याची शक्यता आहे, खात्री नाही. संध्याकाळी उरलेले फळ काढून टाका, नाहीतर रात्री उंदीर येतात. भात, फरसाण, पोळी, खारे शेंगदाणे यांतले काही ठेवू नका.

अमेरिकेत पक्ष्यांसाठी जाळीच्या पिंजऱ्यात चरबीच्या वड्या टांगतात. त्या पाहून इकडेही तूप-डालड्याचे गोळे टांगायची हौस काहींना येते. ती टाळावी. आपल्या उन्हाळ्यात चरबी वितळते, खवट होते आणि पिसांना लागली की पिसे चिकटतात.

तिकडच्या थंडीत मात्र हीच पद्धत योग्य आहे. न्यू जर्सी, शिकागो, टोरांटो या बाजूला घर असलेल्या मराठी वाचकांच्या बॅकयार्डमध्ये डाऊनी, हेअरी आणि रेड-बेलीड हे सुतार हिवाळ्यात हमखास येतात. डाऊनी आणि हेअरी दोघेही काळे-पांढरे, नराच्या डोक्यामागे लाल ठिपका. फरक चोचीत पाहावा. डाऊनीची चोच डोक्याच्या लांबीच्या निम्मीही नसते, हेअरीची जवळजवळ डोक्याएवढी लांब असते. दुकानात मिळणारी स्युएटची वडी बहुधा गाईगुरांच्या चरबीची असते. घरात ती नको असेल तर बिनमिठाचे शेंगदाणे जाळीच्या नळीत भरून टांगा किंवा काळ्या सूर्यफुलाच्या बिया ठेवा, हे सुतार त्यावरही येतात. इंग्लंडमध्ये ग्रेट स्पॉटेड सुतार शेंगदाण्याच्या जाळीवर नेहमी दिसतो. खाण्याच्या जाळीखाली लांब फळी जोडली तर सुताराला शेपटी टेकवायला जागा मिळते. उन्हाळा आला की चरबीची वडी काढून घ्यावी.

‘तो झाड पोखरतो’ या तक्रारीबद्दल

सुतारामुळे झाड मेले अशी तक्रार नेहमी ऐकू येते. बहुतेक वेळा क्रम उलटा असतो. झाड आधी आतून किडलेले असते आणि अळ्या आहेत म्हणून सुतार येतो. एखाद्या जिवंत झाडावर तो रोज एकाच जागी ठोकत असेल तर त्याला हाकलण्याआधी ती जागा तपासा. साल बोटाने दाबली की आत जाते का, भुसा पडतो का, डिंक येतो का? रोग लवकर कळला म्हणून त्याचा फायदाच समजावा.

पहिल्या वर्षाचे वेळापत्रक

महाराष्ट्र शासनाने २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरवला आहे. ५ तारखेला निसर्गलेखक मारुती चितमपल्ली यांचा आणि १२ तारखेला पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांचा जन्मदिवस. त्या आठवड्यात परसात एक फेरी मारून कोणते खोड राखायचे, कोणती फांदी उतरवायची ते ठरवा आणि डिसेंबर संपेपर्यंत छाटणी, ओंडका बांधणे ही कामे आटोपून टाका. फेब्रुवारीत जगभर चार दिवसांची परसातल्या पक्ष्यांची गणना होते. १९९८ साली अमेरिकेत सुरू झालेल्या या उपक्रमात भारतातले लोकही २०१३ पासून भाग घेतात. रोज पंधरा मिनिटे पाहून नोंद केली तरी चालते. सुतार दिसला तर जात, नर की मादी, झाड कोणते आणि तो काय करत होता, एवढे वहीत लिहा. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावू नका. हा विणीचा काळ असतो आणि प्रतिस्पर्धी आला असे समजून तो घरटे सोडून धावत येतो.

पहिल्या वर्षी ओंडक्यावर कोणी फिरकले नाही तर तो काढू नका. लाकूड जितके जुने, तितके त्यात किडे जास्त. पुढच्या नोव्हेंबरला वही उघडा, कोणत्या झाडावर तो जास्त वेळा बसला ते पाहा, आणि त्याच झाडाच्या आसपास दुसरे खोड राखा.